राण्यांचे घोडे आणि अकरावी मागणी

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी बेंगळुरूच्या एका कारखान्यात टेलिफोनची जुळणी करायचे. तिथे नियम होता की लग्न झालं की मुलीने राजीनामा द्यायचा. माझं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि नोकरी सोडायची माझी मुळीच तयारी नव्हती.

संघटनेच्या मागण्यांची यादी तयार होत होती. दहा ठरल्या होत्या, सगळ्या पुरुषांच्या सोयीच्या. अकरावी आमची, हा नियम काढून टाकण्याची, घालायची, तर सभेत कुणीतरी उठून बोलायला हवं होतं. मुलींनी मला पुढे केलं, कारण माझं तोंड चालतं.

भाषण वडिलांनी लिहून दिलं. इतिहासाचा टेकू दिल्याशिवाय कुठलीही मागणी उभी राहत नाही, असं त्यांचं ठाम मत. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही ते पेशवाईपर्यंत जाऊन यायचे. त्यांनी चार पानं भरून मराठ्यांच्या लग्न झालेल्या राण्या घोड्यावर बसवल्या, हाती तलवारी दिल्या. मी सगळं कानडीत उतरवून पाठ केलं. तीन पिढ्या इथे काढूनही आम्हा बापलेकींच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. हे घोडे आम्ही म्हैसूरच्या मुलखात नाचवणार होतो.

सभा शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमागे भरली. माझी दुसरी राणी घोड्यावर चढते न चढते तोच एक वयस्कर फिटर उठले. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

"अक्का, स्वल्प थांबा," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या लोकांचे घोडे आमच्या गावावरून गेलेत. आमच्या बायकांनी जमिनीखालच्या पेवात धान्य लपवलं म्हणून गाव जगलं. त्याच घोड्यांचा दाखला देऊन आमच्याकडे मतं मागता?"

सभा खो खो हसली. माझे कान तापले. लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला, अण्णांचा नव्हे, स्वतःचाच. पण खाली बसले असते तर अकरावी मागणी तिथेच संपली असती. मी कागदांची घडी घातली.

"सरी, मान्य आहे अण्णा. घोडे राहू देत," मी म्हटलं. "पेवात धान्य लपवणाऱ्या त्या बायकांची लग्नं झाली होती का?"

"झालेलीच की. माझ्या आजीच्या आजीची सासू होती त्यांत."

"मग लग्न झालंय, आता घरी बसा, असं गावाने त्यांना सांगितलं होतं का?"

आता कुणी हसलं नाही.  अण्णा यादी लिहिणाऱ्याकडे वळून म्हणाले, "अकरावी लिहून घे."

व्यवस्थापनाने चालढकल केली. वैशाख आला. नियम जाईपर्यंत लग्न नाही, असा निरोप मी होणाऱ्या सासरी पाठवला. त्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि दुसरी मुलगी केली. मी खूप रडले. तो मुलगा मला आवडला होता, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी कामावर वेळेत गेले.

पुढच्या वर्षी नियम गेला. माझ्या शेजारी बसणारी मुलगी लग्नानंतर आठवड्याभराने गळ्यात मंगळसूत्र घालून कामावर आली, पेढे वाटत. माझ्यापाशी थांबून तिने हळूच विचारलं, "अक्का, तुमचं कधी?"

"आता घाई कसली," मी म्हटलं. "आता नोकरी जात नाही."