आबांची सहा बटणं

आमच्या जीपमध्ये सहा बटणं होती आणि सहाच्या सहा घरातली. भिंतीवर पंख्यासाठी लावतात ना, ती पांढरी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एका सागवानी फळीवर ठोकली होती आणि फळी स्टिअरिंगशेजारी तारेनं बांधली होती. पुढचे जास्तीचे दिवे, मागचा दिवा, भोंगा, पंखा, चाकात हवा भरायचा पंप आणि विंच. विंच म्हणजे चिखलात रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र. ते आबांना फार लागतं, कारण आमच्या गावची, असोद्याची केळी सोडून त्यांचा सगळा जीव सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या कोरडवाहू तुकड्यात आहे, आणि तिथे जायचा रस्ता म्हणजे नाला. दर आठवड्याला ते एकटे जातात. वय बहात्तर.

दिवाळीच्या आधी फळीनं पेट घेतला. आबांनी डोक्यावरच्या टोपीनं आग विझवली, टोपी परत डोक्यावर घातली आणि तशीच जीप घरी आणली. जळगावच्या ऑफिसातून सुटून मी असोद्याला पोचले तेव्हा ते जळक्या फळीवर नवं बटण ठोकत होते. सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही, तो असा.

मी तापट आहे. हा गुण कुठून आला ते सांगायला नको. मी म्हणाले, "एक तर नीट स्विच बसवायचे, नाहीतर किल्ली माझ्याकडे द्यायची." रागात बोलले, पण आबांनी ते मनावर घेतलं. हातोडी खाली ठेवली आणि जेवायलाही आले नाहीत. जीप गेली तर त्या तुकड्यावर त्यांना कोण नेणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मग मी तीन आठवडे अभ्यास केला. रोज जेवताना व्हिडिओ. कोणी म्हणे खटक्याचे स्विच बरे, कोणी म्हणे प्रत्येक दिव्याला वेगळा रिले हवा, म्हणजे जास्तीचा करंट बटणातून न जाता बाहेरच्या बाहेर जातो. शेवटी मी एक टच पॅनल मागवलं. काळी गुळगुळीत काच, तिच्यावर बारीक बारीक चित्रं, मोबाइलवरूनसुद्धा चालणारं. ते बघून मला स्वतःचाच अभिमान वाटला.

बसवायला धुळ्याला गेलो. हायवेवर ट्रकची वायरिंग करणारा एक मिस्तरी आहे, आबांचा त्याच्याशिवाय कोणावर विश्वास नाही. मिस्तरीनं आधी फ्यूज आणि रिले बसवले आणि तपासण्यापुरते त्याच्याकडचे साधे खटके जोडले. विंचचा दोर पायात येऊ नये म्हणून त्याचा हूक दुकानापुढच्या बाकड्याला अडकवला. बाकड्यावर तीन ट्रकवाले चहा पीत होते.

आबा सीटवर बसून एकेक खटका दाबत होते. जीप बंद होती, त्यामुळे काहीच होत नव्हतं. सहाही दाबून ते शांतपणे खाली उतरले. इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. शेतातली लाइट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून विहिरीवरच्या मोटारीचं बटण कोणी बंद करत नाही. चालू करून घरी यायचं. लाइट आली की मोटार आपली आपण सुरू होते. आबांनी उभ्या जन्मात दुसरं काही केलेलं नाही.

मी जाऊन किल्ली फिरवली. दिवे लागले, पंखा फिरला, भोंगा सुरू झाला आणि थांबेना, पंप थडथडायला लागला, आणि बाकडं ट्रकवाल्यांसकट जीपकडे निघालं. त्यांनी पाय वर घेतले. चहा मात्र एकानंही सांडला नाही. मी घाबरून किल्ली परत फिरवायचंच विसरले. मिस्तरीनं धावत येऊन सगळं बंद केलं.

"आबा," तो म्हणाला, "हाई जीप शे. विहीर नही."

"चालू करून ठेवलं होतं," आबा म्हणाले. "लाइट आली का होईन चालू म्हणून."

मला हेच हवं होतं. माझं पॅनल दर वेळी सगळं बंद ठेवूनच सुरू व्हायचं. मी विजयी मुद्रेनं खोका उघडला. तासाभरात काच बसली आणि आबा मागच्या मोकळ्या मैदानात चक्कर मारायला निघाले. मी शेजारी.

आबांना लांबचं झाडावरचं पाखरू दिसतं, जवळचं ताटातलं मीठ दिसत नाही. चित्र बघायला त्यांनी चष्मा लावला, समोर बघायला काढला, परत लावला. दिवे हवे होते, भोंगा वाजला. भोंगा बंद करायला गेले, पंप लागला. बोटानं काच चाचपली तर प्रत्येक चाचपणीला काहीतरी सुरू. "नीट बघा ना," मी दोनदा ओरडले. दुसऱ्यांदा त्यांनी जीप थांबवली, किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"तूच चालव, बाई. मले नाही जमत हे."

किल्ली मीच मागितली होती. ती अशी हातात आल्यावर मला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मी मिस्तरीकडे गेले आणि त्यालाच विचारलं की असलं पॅनल बसवलंच कशाला.

तो अजिबात चिडला नाही. "पॅनल चांगलं शे ताई, पन बोटेसले काय समजी?"

खरंच, गुळगुळीत काचेवर बोटांना काय कळणार? मग त्यानं काच उतरवली आणि जुन्या ट्रॅक्टर-ट्रकच्या खटक्यांचा आणि मुठींचा डबा माझ्यापुढे ओतला. आम्ही दोघं फतकल मारून बसलो. दिव्यांना लांब दांडीचे खटके, पुढच्याला गोल मूठ, मागच्याला चपटी. पंख्याला खरखरीत मूठ. पंपाच्या दांडीवर एक जाडा नट. भोंग्याला दाबायचं बटण, बोट काढलं की गप्प. विंचवर झाकण, ते उचलल्याशिवाय खटका लागायचा नाही. ट्रकवाल्यांनी बाकड्यावरून सल्ले दिले; बाकडं त्यांनी आता लांब नेलं होतं.

मी आबांना डोळे मिटायला लावले आणि एकेक नाव घेतलं. सहाच्या सहा बरोबर. मग मी डोळे मिटले आणि पहिल्याच फटक्यात भोंगा वाजवला.

"नीट बघ ना," आबा म्हणाले, आणि माझ्या मुठीतून किल्ली काढून घेतली. "बस तिकडं."

मी तिकडं बसले. निघताना त्यांनी सवयीनं मागच्या दिव्याचा खटका चालू करून ठेवला होता. भर दुपारी, लख्ख उन्हात, एरंडोल मागे पडलं तरी तो जळतच होता. मला खटका दिसत होता. मी हात मांडीवरच ठेवले.