सासऱ्यांची खुर्ची आणि नाइकांची चिलीम

माझ्या सासऱ्यांइतका गांजाचा कट्टर शत्रू उभ्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, आणि गांजाची बाजू त्यांच्याइतकी सुंदर मांडणाराही झाला नाही. यवतमाळच्या कोर्टात उमेदीची वर्षं काढून ते कळंबला आपल्या घरी येऊन राहिले, तेव्हा वकिली सुटली होती. अंगातला वकील सुटला नव्हता. पक्षकार नाही, न्यायाधीश नाही, अशा अवस्थेत माणसाने करावं काय? त्यांनी गांजावर फिर्याद ठोकली. तेव्हा बाजारात गांजाचं परवान्याचं दुकान राजरोस चालायचं. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि तिकडची नशाबंदी आता आपल्याकडेही येणार, अशी बोलवा होती. सासरे दर बाजाराला त्या दुकानासमोर उभे राहून गांजाने माणसाचं काय होतं ते सांगत. डोळे कसे लाल होतात, जमीन पायाखालून कशी हळूच निघून जाते, हे ते इतकं रंगवत की ऐकणाऱ्यांतले दोघेचौघे निव्वळ उत्सुकतेने आत शिरून पुडी घेत. ठेकेदार बिचारा कृतज्ञ माणूस. त्याने सासऱ्यांसाठी सावलीत स्टूल ठेवायला सुरुवात केली. "पाहा जावईबापू, ह्याला म्हणतात वचक!" सासरे मला म्हणाले.

मी तेव्हा कळंबच्या शाळेत मास्तर होतो आणि सासुरवाडी दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे हा सगळा वचक मला फुकटात पाहायला मिळे. सासऱ्यांच्या तत्त्वांना बारीक बारीक खिडक्या होत्या. तपकीर ते दिवसभर ओढत, पण ती व्यसनात मोडत नसे, ते डोक्याचं औषध होतं. भांगेचंही तसंच. "भांगेचं पान वेगळं, गांजाचं फूल वेगळं. कायदा वाचा," असं म्हणून महाशिवरात्रीला ते पळीभर भांग प्रसाद म्हणून घेत. एका वर्षी पळी जरा मोठी निघाली आणि त्याच संध्याकाळी देवळाच्या पटांगणात त्यांचं व्यसनमुक्तीवर व्याख्यान होतं. "बंधूंनो, मेंदू शाबूत तर सगळं शाबूत" हे एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या आनंदाने म्हणत राहिले. लोकांनी दर वेळी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत गाजलेलं व्याख्यान ते हेच.

एवढ्या मोठ्या शत्रुत्वाला समोर कोणीतरी तोलामोलाचं हवं. ते होते जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्याचे नाईक. त्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. नाईक स्वतः आता कपाशी पेरत आणि तांड्याची भांडणं सोडवत. बाजारच्या दिवशी ते बैलगाडी सासऱ्यांच्या अंगणात सोडायचे, पुडी घेऊन यायचे आणि कडुनिंबाखाली चिलीम भरायचे. धूर अंगावर येऊ नये म्हणून सासरे आधी सासूबाईंच्या वातींच्या टोपलीतला कापूस चिमूटभर उचलून हवेत सोडत, तो कुठे जातो ते डोळे बारीक करून पाहत आणि मग बरोबर उलट्या बाजूला खुर्ची मांडत. वारा फिरला की खुर्ची फिरे. बोलता बोलता सासरे कडुनिंबाभोवती फेरी पुरी करत आणि सासूबाई ओसरीवरून ओरडत, "अहो, वाती तरी राहू द्या देवाला!"

"वकीलसाब, तुमी नाकानं ओढता, मी तोंडानं ओढतो. तुमची पुडी औषध, अन् माही पुडी गुन्हा? काहून बरं?" नाईक विचारायचे.

प्रश्न बिनतोड होता, पण नाइकांना तो पुढे नेता यायचा नाही. प्रतिपक्ष असा लुळा पडलेला सासऱ्यांना सोसवत नसे. "थांबा, तुमची बाजू अशी मांडायची नसते," म्हणत ते उठत, नाइकांच्या शेजारी उकिडवे बसत आणि गांजाची वकिली सुरू करत. थंडीत रात्रभर शेताच्या जागलीवर बसलेल्या माणसाला दुसरी ऊब कोणती? गरिबाच्या सांधेदुखीला डॉक्टर कुठे आहे? दुकान बंद केलंत तर चोरटा धंदा उघडेल, त्याला परवाना कोण विचारणार? नाईक मान डोलवत ऐकत राहत. मग सासरे परत खुर्चीवर येऊन स्वतःचाच एकेक मुद्दा चिरडून टाकत आणि घाम पुसत चहा मागवत. मला वाटतं, त्या दोघांचं बाजारच्या दिवसाइतकं कशावरच प्रेम नव्हतं.

मग एकदा एक सरकारी साहेब दुकानं बंद करावीत की नाही यावर लोकांचं म्हणणं ऐकायला कळंबला आले. सासरे कोट घालून गेले आणि दणकून बोलले. नंतर नाईक उभे राहिले. जागलीची थंडी, सांधेदुखी, चोरटा धंदा, सगळं त्यांनी जसंच्या तसं, सासऱ्यांच्या हातवाऱ्यांसकट सांगितलं. वर स्वतःचंही जोडलं. "आमच्या नसाबमंदी, म्हंजे पंचायतीत, भांडण मिटलं की दोघायले एका चिलमीतून वढा लागते. तवाच ते मिटलं म्हणतात." टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वतःच्याच मुद्द्यांनी हरण्याची पाळी सासऱ्यांवर कधी आली नव्हती. चिरडण्यासाठी ठेवलेली उत्तरं त्यांना ऐन वेळी एकही आठवेना. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "धुराशिवाय ज्यांना न्याय करता येत नाही, त्यांचा न्याय कसला?"

नाइकांनी पागोटं सारखं केलं आणि ते निघून गेले.

पुढे दुकान बंद झालंच. सभेचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, हुकूम वरूनच आला. पण लोक सासऱ्यांचं अभिनंदन करायला येत आणि ते तपकिरीची डबी हातात फिरवत बसत. बाजारच्या दिवशी नाइकांची गाडी दारावरून सरळ पुढे जाई. घुंगरांचा आवाज आला की सासरे ओसरीच्या कडेला येत, गाडी वळणाआड गेली की परत आत. सासूबाईंच्या वाती आता उरू लागल्या. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "ह्यांना घेऊन जा बाबा तांड्यावर. वाळत चाललेत."

छकड्यातून आम्ही गेलो. नाइकांनी रामराम घेतला, घोंगडी टाकली आणि रीतसर नसाब बसवली. सासऱ्यांनी शब्द चारचौघांत टाकला होता, तो चारचौघांतच उचलायला हवा होता. सासरे उभे राहिले. आयुष्यभर बोलण्यावर जगलेला हा माणूस, पण त्या दिवशी त्यांना फार बोलता आलं नाही. "नाईक, मी हरत होतो, म्हणून तसं बोललो. तुमच्या न्यायाला नावं ठेवली, ते चुकलं माझं."

नाइकांनी त्यांना हात धरून घोंगडीवर बसवलं. मग म्हणाले, "मिटलं माह्याकडून. पन रीत रीत हाय, वकीलसाब. चिलीम वढा लागन. अन् भरू काय? तुमच्या किरपेनं दुकानच राह्यलं नाही."

त्यांनी कमरेची चिलीम काढली. ओलं फडकं गुंडाळलं, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली आणि तशीच, रिकामी, ना गांजा ना निखारा, डोळे मिटून ओढली. मग ती सासऱ्यांपुढे केली. सासऱ्यांनी डबी बाजूला ठेवली, चिलीम कपाळाला लावली आणि एक दमदार झुरका घेतला. आणि त्यांना असा काही ठसका लागला, की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि पाठीवर थापट्या मारायला खुद्द नाइकांना उठावं लागलं. "चढली काय, वकीलसाब?" नाईक म्हणाले, आणि सगळा तांडा हसला. परत येताना सासरे मला वाटभर पटवत होते, "आत जुना दर्प असणार, जावईबापू. नाहीतर मी खोकतो काय?"

गाडी पुन्हा अंगणात सुटू लागली. दोघांनी भांडायला नवा विषयही काढला, पण त्यात काही राम नव्हता. फिरून ते गांजावरच येत. काही वर्षांनी नाईक गेले. त्यांच्या मुलाने ती चिलीम आणून सासऱ्यांच्या हाती दिली. "बा म्हणे, वकीलसाबले द्या," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतरही दर बाजाराला सासरे अंगणात येत. चिलीम कडुनिंबाच्या बुंध्याशी, नाइकांच्या जागेवर ठेवत. टोपलीतला कापूस हवेत सोडून, डोळे बारीक करून वारा पाहत. आणि मग, धूर जिकडे आला असता, नेमकी तिकडेच खुर्ची मांडून बसून राहत.