हैबतीच्या मापाचं टेबल

श्रीपतला लोक तिरसट म्हणत, आणि तो होताच. अर्धं आयुष्य मुंबईच्या गोदीत सुतारकाम करून तो पोलादपूरजवळच्या आपल्या बौद्धवाडीत परतला आणि त्याने पडवीत उभ्याने काम करायचं टेबल केलं. ऐनाचे पाय, वर आंब्याची जाड फळी. ते बघून महाडपर्यंतची गिऱ्हाइकं यायला लागली. घरच्या घरी काम करणाऱ्या कुणाला रेडिओ दुरुस्तीसाठी टेबल हवं, कुणाला रंधा मारायला.

गावचा सुतार हैबती त्यामुळे जळफळला. तो भुईवर बसून, लाकूड पायांत धरून तासणारा. "उभ्यानं रंधा मारतोय, बैल कुठला!" म्हणून तो चारचौघांत थुंकायचा. लहानपणी श्रीपतने त्याच्या लाकूड तासायच्या वाकसाला हात लावला होता, तर हैबतीने त्याच वाकसाच्या दांड्याने पाठ सोलली होती आणि मग वाकसावर गोमूत्र शिंपडलं होतं. श्रीपत ते विसरला नव्हता. का विसरावं?

मग हैबतीचा गुडघा धरला. बसता येईना आणि धंदाच बसला. शेवटी त्याची बायको बनुबाई श्रीपतच्या अंगणात आली.

"त्यांना येक टेबल करून दे रं. कामाबिगर वेड लागंल त्यांना."

"करीन. पन मापाला त्यालाच यावं लागंल."

हात खाली सोडला की मनगटाला लागेल एवढी टेबलाची उंची, नाहीतर कंबर जाते. हैबती काठी टेकत आला आणि अंगणातच थांबला.

"हितूनच घे माप."

"अंगनाला उतार हाय. आत ये."

दात खात तो पडवीत शिरला. श्रीपतने त्याचं मनगट धरलं, जरुरीपेक्षा घट्टच.

टेबल करताना श्रीपतच्या मनात आलं, एक पाय आखूड ठेवावा. हाताने ऐकलं नाही.

शेजारच्या जानूला घेऊन त्याने ते हैबतीच्या अंगणात नेऊन ठेवलं. हैबतीने आधी बायकोला तांब्या आणायला लावला आणि गोमूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपडलं. मगच टेबलाशी उभा राहिला. रंधा फिरवला. पाठ ताठ, गुडघा मोकळा. क्षणभर म्हातारा हसलासुद्धा.

"जानू, धर त्या बाजूनं," श्रीपत म्हणाला.

"आरं, माजं टेबल!"

"दाम घेतला नाय अजून. अन् धुऊन घ्यावं लागंल असलं काम मी करत नाय."

बनुबाई मागून हाका मारत राहिली. हैबतीने शिव्या घातल्या, पण परत ये म्हणाला नाही. पुढे त्याने रंधा हातात धरला नाही.

आता श्रीपत स्वतः त्याच टेबलावर काम करतो. हैबती उंच गडी, त्यामुळे श्रीपतला पायाखाली फळी घ्यावी लागते. जानू म्हणतो, टेबलाचे पाय काप की. श्रीपत कापत नाही.

"त्याचं माप हाय," तो म्हणतो. "यायचं तर येऊ दे पडवीत."