सरांच्या हातातली पट्टी

"तू तिथूनच बोल," सर म्हणाले. "मोठ्यानं."

वर्ग हसला. मीही हसले. तेव्हा सवयच होती तशी.

दुष्काळाचं साल. श्रीगोंद्याच्या बाजूला मी अध्यापक विद्यालयात शिकत होते. इंग्रजीचे सर पुण्याहून उच्चारांची नवी पद्धत शिकून आले होते. काय तो थाट! वहीच्या कागदाची बोटभर पट्टी फाडायची, दोन बोटांत धरून समोरच्याच्या ओठांपुढे न्यायची. 'पिन' म्हटलं की पट्टी उडायला हवी. 'बिन' म्हटलं की जागची हलायला नको. आपलं पिन साहेबाला बिन ऐकू येतं म्हणे, आणि पॅकचं बॅक. सर जादूगारासारखे बाकाबाकाशी जात. पट्टी फडफडली की टाळ्या. मलाही गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू?

माझी पाळी आली की पट्टी खिशात. सर फळ्यापाशी. माझा श्वास त्यांच्या बोटांना लागला असता ना! आम्ही बौद्ध होऊन किती वर्षं झाली होती. सरांच्या बोटांना ते कुणी कळवलं नव्हतं.

"पिन," मी ओरडायची. "बिन."

"दोन्ही सारखंच. बस खाली."

रोज हेच. घसा बसायचा. आईला विहिरीवर वरून पाणी ओतायचे, मला लांबून इंग्रजी. फार थकायला व्हायचं. तोंडी परीक्षेत नापास झाले असते, तर मास्तरीण होणं संपलं असतं. मग दुष्काळी कामावर आईशेजारी बसून खडी फोडायची.

बाकावर शेजारी अकोले तालुक्यातली सखू असायची. एकदा म्हणाली, "आगं, पट्टी तूच धर की. त्यांच्या हाताला काय सोनं लागलंय व्हय?"

परीक्षेच्या दिवशी टेबलामागे सर आणि बाहेरून आलेले परीक्षक. मला बघताच सर म्हणाले, "तू दारातूनच बोल."

मी आत गेले. टेबलापर्यंत. सरांच्या बोटांतली पट्टी काढून घेतली आणि स्वतःच्या ओठांपुढे धरली.

"पिन." फडफडली.

"बिन." गप्प.

"पॅक. बॅक." परीक्षक पुढे वाकून बघायला लागले.

सरांनी बोटं धोतराला पुसली. "तो कागद टाकून दे बाहेर."

"का टाकू? सगळे याच्यापुढेच बोलले. पुढचाही याच्यापुढेच बोलंल." मी पट्टी टेबलावर ठेवली. "धरा, सर."

सरांनी धरली नाही. वहीचं नवं पान फाडलं. ते फाटताना झालेला आवाज मला अजून ऐकू येतो.

परीक्षकांनी मला पास केलं. मास्तरीण झाले. जिल्ह्यातल्या किती शाळा फिरले, केस पिकले, पाय दुखतात. अजूनही एखाद्या बैठकीत कुणी गोड आवाजात म्हणतं, "बाई, तुम्ही तिथूनच बोला ना."

मी उठते. खुर्ची फरफटत नेते, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. टेबलाला भिडवते.

त्यांच्या 'तिथून' मी बोलत नाही.