थोरल्यांचा मान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. फ्लॅटमध्ये ग्रेट डेनचं पिल्लू मला झेपेना, म्हणून रंकाळा तलावावर रोज दिसणाऱ्या एका गृहस्थांना मी ते देऊन टाकलं. "मिश्र जातीचं आहे, लहानच राहील," असं बेधडक सांगितलं. त्यांच्याकडे दोन म्हाताऱ्या पॉमेरियन कुत्र्या आहेत, हे मला माहीत होतं.

बघता बघता पिल्लू त्यांच्या गुडघ्याच्या वर गेलं. खेळताना त्यानं एकीचा पाय मोडला. तेव्हापासून ते तिला काखेत घेऊन फिरायला येतात. कट्ट्यावर बसले की बिस्किटाचा पहिला तुकडा तिला, मग दुसरीला. तोवर त्यांचा एक हात पिल्लाच्या डोक्यावर दाबलेला असतो आणि ते बिचारं लाळ गाळत बसतं.

"आकारानं थोरला हाईस, मानानं न्हवं," असं ते त्याला दटावतात.

परवा मी मान खाली घालून पुढं निघालो, तर त्यांनीच हाक मारली.

"पावणं, बसा की! ह्येचं पंजं बघूनच मला कळलंतं, ह्यो दांडगा हुणार. पर म्हटलं, आपण न्हाई म्हणलं तर तुम्ही ह्येला रस्त्यावर सोडशीला."

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर टेकलो. खरं तर मी त्याला सोडणारच होतो.

त्यांची माफी मागायची अजून राहिली आहे.