दम खायची पाळी

पाण्याचे मीटर वाचता वाचता मीटरवाल्यांनी अख्खं शहर पायांनी पालथं घातलं होतं. लग्न झाल्यावर दर रविवारी बायकोला म्हणायचे, "चल, तुला शहर दाखवतो!" आणि निघायचे ते सुसाट. पुढच्या वळणावर थांबून पाणी प्यायचे, घाम पुसायचे, आणि ती धापा टाकत पोचली रे पोचली की, "आलीस? चला!"

"अहो, जरा टेकू द्या की."

"दहा मिनिटं झाली थांबून!"

"तुमची झाली. माझी कुठे झाली?"

मीटरवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी तिला चपला चावायला लागल्या, त्या कायमच्याच. मग तीस वर्षं हे एकटेच हिंडले.

निवृत्तीनंतर जावयाबरोबर चार दिवसांच्या डोंगरवाटेला गेले. जावई तरणाबांड गडी. दर चढाच्या माथ्यावर तो दगडावर बसून वाट बघायचा आणि सासरे पोचताच पाठपिशवी चढवून उठायचा. "चला मामा, निघू या!" तिसऱ्या दिवशी मीटरवाल्यांनी वाटेतच बसकण मारली. पाय दुखत होतेच, पण बायकोचं बोलणं त्यांना आत्ता कुठे कळलं होतं.

घरी आल्या आल्या म्हणाले, "उद्या फिरायला चल. तुझ्या चालीनं जाऊ. तू म्हणशील तिथे बसू."

कपड्यांच्या घड्या घालता घालता ती हसली. "अहो, आता जिना उतरायचा म्हटलं तरी गुडघे रडतात. तेव्हा म्हणायचं होतंत."

ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं मीटरवाल्यांना वाटलं.