बाल्कनीतला डबा

"अगं, आत नको. बाल्कनीत ठेव तो डबा. थंड राहील."

काकू सुनेला हळूच म्हणाल्या. मला ऐकू आलं. डब्यात मी नुकत्याच केलेल्या पुरणपोळ्या होत्या, अजून गरम. बाल्कनीत बिअरचा क्रेट, बर्फाने माखलेले बूट. त्यांच्या शेजारी माझा डबा.

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइम गावात माझं किराणा दुकान आहे. एकटीनं उभं केलंय. घाऊक व्यापाऱ्याशी जर्मनमध्ये भांडून मी तुरीच्या डाळीचा भाव पाडते; मला बघितलं की तो हात जोडतो. पण काकूंच्या दिवाणखान्यात मी कडेची खुर्ची धरून बसले. माझी गिऱ्हाइकं सगळी तिथंच बसलेली. गाड्यांच्या कारखान्यातले इंजिनिअर, त्यांच्या बायका. यांनी पाठ फिरवली तर दुकान बंद.

डबा बाहेर का गेला ते मला कळलं होतं. आदल्या आठवड्यात काकू पोळ्या न्यायला पहिल्यांदाच माझ्या घरी आल्या. इथं बेलवर आडनाव लावावंच लागतं, नाहीतर टपाल येत नाही. दुकानात, पाटीवरही, मी नुसती 'ताई'. काकूंनी बेल वाचली.

"मूळची कुठली गं तू?"

गाव सांगितलं.

"गावात नेमकं कुठं?"

मी पोळ्या बांधून दिल्या.

आणि त्या दिवशी काकूंकडे पुस्तकभिशी, महिन्याला एक पुस्तक. कादंबरी युद्धानंतरच्या लंडनची. वेस्ट इंडीजमधून आलेली तरुण पोरं, त्यांचे झोकदार सूट, त्यांची गाणी, रस्त्यात खाल्लेला मार. काकूंचे यजमान, काका, एक पान वाचून दाखवत होते. घरमालकीण त्यातल्या एका पोराला हसून सांगते, खोली आत्ताच गेली.

"नुसत्या रंगावरून! काय माणसं होती," काका म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," कुणीतरी मान डोलावली. काकूंनी डोळे टिपले.

"ताई, तुम्हाला काय वाटलं?" काकांनी विचारलं.

मला पळून जायचं होतं. उठले ती बाल्कनीत गेले. डबा गार पडला होता. आणून त्या पुस्तकाशेजारी ठेवला, झाकण काढलं.

"ती घरमालकीणपण हसूनच बोलली होती," मी म्हणाले. "काकू, बेलवर माझं आडनाव वाचलंत ना? सांगा सगळ्यांना. मोठ्यानं."

"अगं, सकाळी सत्यनारायण झाला घरात, म्हणून... तू उगाच मनाला लावून घेतेस."

"सांगा."

काकू डब्याचं झाकण शोधू लागल्या. मग मीच सांगितलं. आडनाव. गाव. गावाबाहेरची आमची वस्ती. कॉलेजपासून गिळत आले होते ते सगळं. पोळीला कुणी हात लावला नाही. एक जण फोनमध्ये बघत राहिला.

दुकानाच्या पाटीवर आता माझं पूर्ण नाव आहे. शनिवारची गर्दी ओसरलीय. दार बराच वेळ उघडलं नाही की मी गल्ला पुन्हा मोजते. भीती गेली, असं खोटं कशाला सांगू?

काल काकांचा फोन आला. "संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या सगळ्या गुळपोळ्या तुमच्याकडूनच घेऊ. फक्त पाटीवर आधीसारखं 'ताई' राहू द्या. लोक बोलतात हो."

आयुष्यभर मी कशावरही घासाघीस केलीय. यावर करणार नाही.

"गुळपोळ्या मिळतील, काका," मी म्हणाले. "पण दुकानात येऊन न्यायच्या. त्या पाटीखालून."